टॉमी म्हणजे जुळा

माझ्या जुळ्या भावाने कुत्र्याचं पिल्लू आणलं आणि त्याचं नाव टॉमी ठेवलं, तेव्हा त्यामागे काही विचार नव्हता. अनसिंगकडच्या आमच्या गावात निम्मी कुत्री टॉमीच होती. भाऊ मळ्यात वांगी-टमाटे लावायचा आणि वाशिमच्या बाजारात नेऊन विकायचा. मी अमरावतीला एका शाळेत शिकवत होते.

शाळेत केरळचे एक सर होते, थॉमस नावाचे. मी मोबाइलमध्ये टॉमीचा फोटो दाखवला तर ते हसायलाच लागले. टॉमी हे थॉमसचंच लाडाचं रूप, म्हणाले. येशूचा एक शिष्य थॉमस होता, तो त्यांच्या किनाऱ्याला उतरला असं तिकडे मानतात. विजेचा दिवा करणारा शास्त्रज्ञही थॉमसच. आणि नावाचा अर्थ जुळा.

मी लगेच भावाला फोन लावला.

"जुळा? मंग म्या चुकून बराबर नाव देल्लं म्हन की! आता आपन तिघं जुळे."

"तिघांले तिळे म्हंतात, येड्या."

केवढा हसला तो.

दोन महिन्यांनी बाजारातून परत येताना ट्रकने त्याच्या गाडीला उडवलं. जागीच गेला.

मी घरी पोचले तर टॉमी धावत आला, अंगावर पाय टाकून त्याने माझा वास घेतला, आणि मला सोडून पुन्हा रस्त्याकडे तोंड करून बसला. आई तर माझ्याकडे बघतच नव्हती. ताट वाढून पाठ फिरवायची. तेरवी झाल्यावर मी विचारलंच, "माय, काहून बोलत नाई? माहं काय चुकलं?"

"तुहं काई नाई चुकलं, पोरी. तुहं तोंड पाह्यलं का तोच दिसते. सहन नाई होत मले. थोडे दिस येऊ नको."

मला राग आला नाही. तेच नाक, तीच हनुवटी. आरशात बघायचं मीही टाळत होते. चार महिने मी गावी गेले नाही. रोज फोनवर ती "जेवली का?" एवढंच विचारायची.

मग एका रविवारी माझ्या खोलीच्या दारात आई उभी. आयुष्यात पहिल्यांदा एकटी एसटीने आलेली. पाणीही न पिता तिने मला समोर बसवलं, पदराने चष्मा पुसला आणि कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिली.

"फोटू पाहून मन भरत नाई," ती म्हणाली. "म्हून तुलेच पाह्याले आली."

माझ्या गालाला हात लावून ती रडत होती. मी हलले नाही.