चार शाबूत कोपरे

भाभीला अक्षर येत नव्हतं. तिचं वाचन एवढंच, की रंगूनहून नवऱ्याचं पत्र आलं की आधी चारही कोपऱ्यांवरून बोट फिरवायचं. कोपरा फाडलेलं पत्र म्हणजे मरणाची खबर. ते घरात घेत नाहीत, उंबऱ्याबाहेर उभ्यानं वाचतात. कोपरे शाबूत निघाले की ती पत्र माझ्यापुढे टाकायची, "वाच आता."

ढाणकीच्या आमच्या गल्लीत सातवी झालेली बाई मी एकटीच, त्यामुळे हा शेजारधर्म माझ्याच गळ्यात. लेक रांगत होती तेव्हा भाभीचा नवरा भावाशी भांडून रंगूनला गेला आणि तिथं त्यानं लुंग्या-चादरींचं दुकान टाकलं. सोळा वर्षांत तीनदा आला. बाकी माणूस सगळा पत्रातच. तिथल्या बाया भर बाजारात चिरूट ओढतात, हेही तो बायकोला कळवायचा आणि भाभी तोंडाला पदर लावून हसायची. शुद्धलेखन भयंकर. तसं मी भाभीच्या एका पत्रात त्याला सुनावलंही होतं. तेव्हापासून त्याची शेवटची ओळ ठरलेली: "वाचणाऱ्या बाईंना सलाम, चुका पोटात घालाव्या."

चौसष्ट साली तिथल्या सरकारनं दुकानं ताब्यात घेतली. लेकीच्या निकाहाला येतो, आता कायमचाच येतो, असं त्यानं लिहिलं. मग दोन महिने काहीच नाही. त्याच्यासाठी तारीख एकदा पुढं गेली होती. पुन्हा थांबवलं तर सोयरीक मोडतो, असा मुलाच्या बापानं निरोप धाडला.

निकाहाच्याच सकाळी निळं पत्र आलं. अंगणात पुलावाची देग चढलेली, बाया तांदूळ निवडत बसलेल्या. भाभीनं कोपरे चाचपले आणि पत्र मला दिलं. "सगळ्यायले आयकू दे."

अक्षर त्याचं नव्हतं. रंगूनच्या त्याच्या शेजारच्या दुकानदारानं हिंदीत लिहिलं होतं: बोटीच्या परवान्याच्या रांगेत ताप भरला, तिसऱ्या दिवशी गेले, माती इथंच दिली. त्या बिचाऱ्याला कोपऱ्याची रीत कुठली माहीत असणार.

खोटं बोलण्यात मी कच्ची नव्हते, सासरी राहून ते येतंच. पण त्या वेळी मी फार घाबरले. "बोट मिळाली नाही," मी वाचलं. "माझ्यासाठी निकाह थांबवू नका. लेकीला दुवा."

"एवढंच?" भाभीनं विचारलं.

"एवढंच."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग पत्राची घडी कमरेला खोचून तिनं देगीखालचं लाकूड पुढं सारलं.

निकाह झाला. ती वाढत होती, व्याह्यांशी बोलत होती. मी दिवसभर तिच्या नजरेला नजर दिली नाही. आज पचलं, उद्या काय सांगशील, असं स्वतःलाच विचारत पत्रावळी उचलत राहिले.

दिवेलागणीच्या आधी पोरीची पाठवणी झाली आणि भाभी माझ्या दाराशी आली. ये म्हटलं, तर आत येईना.

"तुले सलाम कुठी होता त्यात?" ती म्हणाली. "तवाच समजलं मले."

खरंच. बाकी सगळं रचलं, पण स्वतःलाच सलाम घालणं मला सुचलं नव्हतं.

तिनं कमरेचं पत्र काढलं, त्याचा एक कोपरा फाडला आणि उंबऱ्याबाहेर उभी राहूनच ते माझ्यापुढे धरलं.

"वाच आता."