किसन उमरीवाल्याचं चौथं कडवं

दोन शिक्षिकांच्या शाळेत किस्से फार साठतात. जे काही घडतं ते दोघींच्या समोरच घडतं, मग सांगायचं कुणाला? आज तुम्ही तावडीत सापडलात, तेव्हा बसा निवांत.

आमची शाळा उमरीजवळच्या एका गावात. मी गणित घेते, छाया भाषा घेते आणि उरलेल्या सगळ्या गोष्टींचा ताबा घेते. स्टाफ मीटिंगला आम्ही दोघीच. छाया ठराव मांडते आणि छायाच म्हणते, "सर्वानुमते मंजूर!"

एकदा मी म्हटलं, "अगं, मी हात वर केलाच नाही."

"विरोधबी केला न्हाईस," ती म्हणाली. "पुढचा विषय!"

त्या आठवड्याचा पुढचा विषय होता नांदेडचा गाण्याचा कार्यक्रम. रविवारी दुपारी चार वाजता, प्रवेश खुला. ठराव असा, की दोघींनी दिवसभर मजा करायची, आणि चौथं कडवं ऐकल्याशिवाय परत यायचं नाही. मी हात वर केला की नाही, ते विचारू नका.

*

चौथ्या कडव्याची भानगड आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

छायाचे वडील किसन गवंडी. दिवसभर लोकांच्या भिंती बांधायचे, संध्याकाळी गायन पार्टीत ढोलकी वाजवायचे आणि गाणी रचायचे. लिहिता येत नव्हतं. ते सांगायचे आणि चौथीतली छाया वहीत उतरवून घ्यायची. त्यातलं 'दप्तर घे गं बाई, घर मी पाहते' हे गाणं पार्ट्यांबरोबर गावोगाव फिरलं आणि फिरत फिरत एका मोठ्या गायिकेकडे पोचलं. त्यांचं नाव कशाला, आपण नुसतं बाई म्हणू. आज हे गाणं झाल्याशिवाय लोक बाईंना स्टेजवरून उतरू देत नाहीत.

पण बाई तीनच कडवी म्हणतात. आणि रचणाऱ्याचं नाव असतं शेवटच्या कडव्यात!

*किसन उमरीवाला रचतो विटांच्या भिंती,*
*लेक त्याची लिहिते नाव त्याचं भिंतीवरती.*

वडील जाऊन सहा वर्षं झाली. त्यांचं नाव ना पुस्तकात, ना कॅसेटवर. जे काही आहे ते या दोन ओळींत आणि छायाच्या जुन्या वहीत.

*

मागच्या वर्षी बाई लातूरला आल्या होत्या. लातूर माझं माहेर, म्हणून दोघी गेलो. बाईंनी तीन कडवी म्हटली, टाळ्या घेतल्या आणि पुढचं गाणं धरलं. कार्यक्रम संपल्यावर छाया स्टेजच्या मागे गेली. तिथे एका कार्यकर्त्याने हात आडवा घातला.

"बाईंना वेळ नाही, मॅडम. काय काम होतं?"

छायाने सगळं सांगितलं. तो हसला. "तीन कडवी पुरेत की! राहिल्या त्या दोनच ओळी तर आहेत."

"त्या दोन ओळीत माझा बाप हाय," छाया म्हणाली.

त्याने हात काढला नाही.

परतीच्या एसटीत अहमदपूर मागे पडलं तरी छाया एक शब्द बोलली नाही. ज्यांना छाया माहीत आहे, त्यांना कळेल मी किती घाबरले असेन! खिडकीकडे तोंड करून रडत होती आणि तिने पदर आड धरला तरी मला सगळं दिसत होतं. लोह्याला चहाचा ग्लास हातात आल्यावर बोलली.

"मंगल, शिकवावं लागतंय."

मला वाटलं, बाईंना शिकवणार. मी म्हटलं, "त्या भेटतील कुठे?"

"त्यायला कोण म्हणून राहिलं?" ती म्हणाली आणि दुसरा चहा सांगितला.

*

तर रविवारी सकाळी बाईंच्या नांदेडच्या कार्यक्रमासाठी उमरीहून पॅसेंजरमध्ये बसलो. शेंगदाण्याची चटणी, दशम्या, नवी साडी, सगळा थाट. मी चटणीचा डबा उघडते तोवर छायाने समोरच्या बाकावरच्या पाच जणींना विचारलं, "गाणं येतंय का कुणाला?"

झालं! शिकवणारीला प्रवासी आणि विद्यार्थी यांतला फरक कळत नाही. "मी म्हणते, माझ्या मागं म्हणा. किसन उमरीवाला..."

मुदखेडला फुलवाल्या बायका टोपल्या घेऊन चढल्या. टोपल्या खाली टेकायच्या आत त्यांचाही प्रवेश झाला. त्यांतल्या सखूबाई नावाच्या आजी प्रत्येक ओळ आपल्याच चालीत लावायच्या. छायाने त्यांना सात वेळा म्हणायला लावलं. आठव्यांदा आजी म्हणाल्या, "बाई, मह्या लग्नातबी मला येवढं बोलायला लावलं न्हवतं गं!"

वरच्या बर्थवर एक गृहस्थ तोंडावर टॉवेल टाकून झोपले होते. नांदेड आलं तसा टॉवेल बाजूला झाला.

"मॅडम, स्टेशन आलं," ते म्हणाले. "आता गृहपाठ द्या आणि सोडा आम्हाला."

"गृहपाठ हायच," छाया म्हणाली. "चार वाजता हॉलवर या. हजेरी घेणार हाय!"

*

दुपारी गोदावरीच्या घाटावर बसून दशम्या खाल्ल्या, बाजारात बांगड्या भरल्या, एकीने दुसरीचे फोटो काढले. पोरींसारख्या हुंदडलो, खोटं कशाला सांगू! मग हॉलवर जायला रिक्षा केली. रिक्षावाले रफिकभाई. पहिल्याच चौकात छायाने विचारलं, "भाई, गाता येतं का?"

रफिकभाईंचा आवाज असा लागला की शेजारच्या रिक्षातली माणसं वाकून पाहायला लागली. आम्ही दोघी मागे बसून टाळ्या वाजवत होतो. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं, की मघाचंच मेडिकल दुकान पुन्हा आलं.

"भाई, हॉल मागे राहिला की!"

"मालूम है मॅडम," रफिकभाई म्हणाले. "लेकिन गाना पूरा नहीं हुआ था, आधे में कैसे उतारता?"

*

हॉलच्या दाराशी कार्यक्रमाची माहिती लिहिलेला फळा होता. खाली निम्मा कोरा. कोरा फळा आणि पर्समध्ये खडू, मग छाया थांबते होय! दोन्ही ओळी सुवाच्य अक्षरात लिहून काढल्या. एवढ्यात छातीला बिल्ला लावलेला एक स्वयंसेवक धावत आला. मला तर लातूरचा आडवा हात आठवला.

"ओ मॅडम, कुणाच्या परवानगीनं लिहून राहिल्यात? आन् हा किसन कोण?"

"माझा बाप," छाया म्हणाली. तिने खडू खाली ठेवला नाही.

त्याने दोन्ही ओळी वाचल्या. मग ओठ हलवत पुन्हा एकदा वाचल्या. खिशातून रुमाल काढला आणि फळ्याकडे गेला. मी डोळे मिटले.

उघडून पाहते तर त्याने वरची पार्किंगची सूचना पुसली होती!

"अक्षर मोठं काढा," तो म्हणाला. "मागच्यायला दिसंना."

*

आणि लेडीज टॉयलेटची रांग! कार्यक्रमाला वीस मिनिटं बाकी, रांगेत पंचवीस बायका. छायाला तर आयता वर्गच मिळाला.

"दोन ओळी पाठ म्हणायच्या. न्हाई आल्या तर एक नंबर मागं!"

नियम कुणी केला, का केला, हे एकीनेही विचारलं नाही. आपल्याकडे ठणकावून सांगितलं की माणसं ऐकतात. मोरपंखी पैठणी नेसलेल्या एक वहिनी दोनदा चुकल्या आणि दोनदा मागे गेल्या.

"अहो बाई, मला खरंच घाई आहे हो!" त्या रडकुंडीला आल्या.

"मग पटकन म्हणा!"

तिसऱ्या वेळी वहिनींनी एका श्वासात दोन्ही ओळी म्हटल्या आणि दार लावून घेतलं. आतूनही त्या तेच म्हणत होत्या, भीतीनेच असणार.

*

कार्यक्रम सुरू झाला. आम्ही मधल्या रांगेत. सखूबाई गजऱ्यांची टोपली मांडीवर घेऊन बसलेल्या, रफिकभाई दाराशी उभे, टॉवेलवाले गृहस्थही चक्क हजर. छायाने खरंच मान वळवून हजेरी घेतली. पण तिचा हात माझ्या हातात होता.

"न्हाई म्हणले कुणी, तर?" ती हळूच म्हणाली.

"मग आपण दोघी म्हणू," मी म्हटलं. माझा आवाज कसा आहे ते तिला माहीत आहे, तरी तिने हात घट्ट धरला.

बाईंनी 'दप्तर घे गं बाई' सुरू केलं. पहिलं कडवं, दुसरं, तिसरं. ढोलकीने शेवटचा तुकडा वाजवला, बाईंनी हात जोडले, टाळ्या सुरू झाल्या.

त्या टाळ्यांत सखूबाईंचा आवाज निघाला, स्वतःच्याच चालीत. "किसन उमरीवाला..." दाराकडून रफिकभाईंनी उचललं. मग बायकांची अख्खी बाजू उठली, फळ्यावर वाचून आलेले मागचे लोकही म्हणायला लागले. ढोलकीवाला गोंधळला आणि मग सवयीने वाजवायला लागला. लेक त्याची लिहिते नाव त्याचं भिंतीवरती! मीसुद्धा ओरडून म्हणत होते.

अख्ख्या प्रेक्षकांत एकटीच गप्प होती. छाया! तोंड उघडं, डोळ्यांना धार, आवाज नाही.

बाईंनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. "हे कडवं कुणाचं?" त्यांनी माइकवरून विचारलं. "हे किसन कोण?"

मी छायाला ढकलून उभं केलं. स्वयंसेवक माइक घेऊन पळत आला. "माझे वडील," ती कशीबशी म्हणाली.

"मग तुम्ही म्हणा ना."

छायाने तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. सकाळपासून जी ओळ सगळ्या जगाला शिकवली, ती तिलाच येईना! आणि मागून मोरपंखी पैठणीतून आवाज आला, "पाठ नाही? एक नंबर मागं!"

हॉल खो खो हसला. छायाही रडता रडता हसली. बाई मात्र स्टेजच्या कडेपर्यंत पुढे आल्या.

"मला हे कडवं येत नाही, ताई," त्या म्हणाल्या. "माझ्यापर्यंत गाणं आलं तेच तीन कडव्यांचं. तुम्ही शिकवा, मी मागे म्हणते."

छायाने पदराने डोळे पुसले, नाक पुसलं, ताठ उभी राहिली. आणि वर्गातल्या आवाजात म्हणाली, "आधी हाताची घडी."

बाईंनी माइक स्टँडला लावला आणि हाताची घडी घातली.

"किसन उमरीवाला," छाया म्हणाली.

"किसन उमरीवाला," बाई मागे म्हणाल्या.