लाल दोरा बांधणाऱ्या बाई

हे मी आजवर कोणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळही नाही — आणि त्याला मी भाजीत मीठ जास्त पडलं तरी फोन करून सांगते, म्हणजे विचार करा. दोन वर्षं झाली. मध्ये एकदा अंबरनाथच्या शिवमंदिरात, खाली गाभाऱ्यात उतरून सांगायचं ठरवलं होतं. पण देवाला सांगणं फार सोपं वाटलं, म्हणून तशीच परत आले. तुम्हाला सांगते. तुमच्यासमोर मला रोज बसायचं नाही.

मी चिनी भाषा शिकले, इथून सुरुवात करते. पालेगावच्या आमच्या बिल्डिंगमध्ये मला अजून "ती चायनीजवाली" म्हणतात, आणि नवीन राहायला आलेल्यांना वाटतं मी गाडी लावते. मी उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये एका सिंधी शेठकडे कामाला आहे. जीन्सला लागणाऱ्या चेन चीनहून मागवायच्या आणि इथल्या शिलाईवाल्यांना विकायच्या, हा आमचा धंदा. फॅक्टरीशी पत्रव्यवहार माझ्याकडे. सुरुवातीला तो मोडक्यातोडक्या इंग्रजीत चालायचा. मग मला वाटलं, आपण त्यांचीच भाषा शिकलो तर? पहाटे सहाला गच्चीवर फोनवर क्लास, आणि मुलं गणिताला वापरतात त्या चौकटीच्या वह्या. दोन वर्षांत एकवीस वह्या भरल्या. सासूबाई म्हणायच्या, हिच्या डोक्यात किडा शिरलाय. शिरलाच होता. मला चीनला जायचं होतं. विमानात बसून, माझ्या स्वतःच्या शिकण्याच्या जोरावर. हे हसण्यासारखं आहे का? मला तेव्हा नव्हतं वाटत.

आता इंदूताई. त्यांच्याबद्दल लिहायला हात अडखळतो, पण त्यांच्याशिवाय ही गोष्टच नाही.

इंदूताई माझ्याआधीपासून शेठकडे होत्या. माहेर बारवी धरणाकडच्या एका पाड्यावरचं, राहायला बदलापूरला खरवईत, मुलाकडे. शाळा सातवीपर्यंत. माल तपासणं हे त्यांचं काम. प्रत्येक खोक्यातून बारा चेन काढायच्या, डोळे मिटायचे, आणि रनर, म्हणजे चेनची सरकती कडी, दोनदा वर-खाली फिरवायचा. डोळे का मिटता विचारलं तर म्हणायच्या, "डोले उघडे असले का कान आळशी होतात." जिथे अडखळलं तिथे त्या लाल दोऱ्याची गाठ मारायच्या. एक गाठ म्हणजे दात आखूड. दोन म्हणजे रनर सैल. तीन म्हणजे कापडी पट्टीच ओढली गेलीय. अशा चेनची जुडी बांधून ती फॅक्टरीला परत जायची. सोबत चिठ्ठी नाही, काही नाही. आणि पुढच्या मालात तो दोष नसायचा. मी येण्याआधीची कितीतरी वर्षं हे असंच चाललं होतं. मला वाटायचं, हा आपला एक जुना रिवाज, आता मी आलेय तर सगळं नीट लिहून कळवू. कळवलंही. त्यांच्या गाठी मात्र थांबल्या नाहीत.

मग एका दिवाळीनंतर फॅक्टरीतून निरोप आला — तिथल्या ऑफिसात लिन नावाची मुलगी आहे, तिच्याकडून — की वसंतात तुमच्याकडचं माल बघणारं कोणीतरी इकडे यावं, राहण्याखाण्याची सोय आमची, रीतसर पत्र पाठवतो. शेठ खुशीत. म्हणाले, "पासपोर्ट दोनों बना लो. वो जिसको बुलाएंगे, वो जाएगा. दोनों को बुलाएंगे तो दोनों."

ते चार महिने. आम्ही दुपारच्या डब्यावर चीनच्या गोष्टी करायचो. तिकडे एका हातावर दहापर्यंत मोजतात, ते मी इंदूताईंना शिकवलं. सहा म्हणजे अंगठा आणि करंगळी. त्यांना ते इतकं आवडलं की गिऱ्हाइकालाही त्या तसंच दाखवायच्या. "नी हाव" शिकल्या, म्हणजे नमस्कार. "बू हाव" शिकल्या — म्हणजे चांगलं नाही. म्हणाल्या, "येवढं आलं का बास. माझं काम तेवढ्यावरच चालतंय." सोमवारचा उपास तिकडे कसा निभवायचा, यावर आमची रोज चर्चा. शेंगदाण्याचा लाडू किती दिवस टिकतो, विमानात स्टीलचा डबा चालतो का. त्यांनी बदलापूरच्या बाजारातून बूट आणले. आयुष्यातले पहिले. पांढरे, नाडीचे. साडीवर घालून रोज कामावर यायच्या, कारण नवीन बूट परदेशात चावायला नकोत. पासपोर्टसाठी पोलीस खरवईला चौकशीला आले तेव्हा अख्खी बिल्डिंग दारात उभी होती, आणि इंदूताईंनी पोलिसाला आधी चहा दिला आणि मग विचारलं, काय विचारायचंय ते विचारा.

पत्र फेब्रुवारीत आलं. छापील नव्हतं. हाताने लिहिलेली दोन पानं, लिनने फोटो काढून पाठवलेली. शेठनी फोनचा भाषांतरवाला कॅमेरा त्याच्यावर धरून बघितला, तर त्या घाईच्या अक्षरातून काहीतरी विहीर, काहीतरी पाऊस असं निघालं. फोन माझ्याकडे देऊन म्हणाले, "साईं, ये तेरा ही काम है." मला दोन दुपारी लागल्या. एकेक अक्षर चौकटीत उतरवून काढलं.

लिहिणारे होते लिऊ मास्तर. फॅक्टरीतले सगळ्यात जुने तपासनीस, उन्हाळ्यात निवृत्त होणार होते. त्यांनी लिहिलं होतं की अकरा वर्षं मी या लाल गाठी सोडवतोय. पहिल्या वर्षी मला त्यांचा राग आला. दुसऱ्या वर्षी मी माझ्या माणसांना त्या दाखवायला लागलो. आता नवीन माणसाला शिकवताना मी आधी या गाठी त्याच्यापुढे ठेवतो. हे हात कोणाचे आहेत ते मला जाण्याआधी बघायचं आहे. लाल दोरा बांधणाऱ्या व्यक्तीने यावं. आणि शेवटी, अर्ध्या ओळीत — पत्रं लिहिणारी व्यक्ती दुभाषी म्हणून सोबत आली तरी चालेल.

चालेल.

एकवीस वह्या. दोन वर्षांच्या पहाटा. त्यांच्या सणावारांना शुभेच्छा मी लिहायची, त्यांच्या चुका सभ्य शब्दांत मी कळवायची, आणि मी — आले तरी चालेल? तुम्हाला कधी झालंय असं? पोटात दुखणं म्हणतात ना, ते नुसतं म्हणण्यापुरतं नसतं हो, ते खरंच दुखतं, इथे, बरगडीखाली. ज्या बाईला मी नी हाव शिकवलं, तिला बोलावणं, आणि मी मागून पिशवी धरायला. असं वाटलं मला. ते पत्र किती सुंदर होतं, हेही त्याच क्षणी कळत होतं. ते कळत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

दुसऱ्या दिवशी शेठनी आम्हा दोघींना समोर बसवलं आणि म्हणाले, वाच. इंदूताई हात पुसून, पदर नीट करून बसल्या. मी फोन समोर धरला. सुरुवात खरी वाचली — नमस्कार, मालाची चौकशी, लिऊ मास्तर निवृत्त होणार. मग मी थांबले. मला आठवतंय, बाहेर कोणीतरी टेम्पो मागे घेत होतं आणि त्याचा तो टूं-टूं आवाज येत होता. मी ठरवलं होतं का आधी? रात्रभर ठरवलं नव्हतं. पण ठरवलं नव्हतं म्हणजे मनात नव्हतं असं नाही. मी म्हणाले, "फॅक्टरी एकाच माणसाला बोलावतेय. जो पत्रव्यवहार बघतो त्याला."

"एक ही?" शेठ म्हणाले.

"एकच."

"और इंदू का कुछ लिखा है?"

"नाही."

शेठना वाईट वाटलं, ते दिसलं. चार महिने त्यांनीही ते बूट बघितले होते. इंदूताई मात्र हसल्या. म्हणाल्या, "बरं झालं बाई. माझ्या सोमवारचं काय केलं असतं मी तिकडं." आणि उठून अर्धवट राहिलेलं खोकं पुढे ओढलं. डोळे मिटून रनर फिरवायला लागल्या. मी बघत राहिले. त्या दिवशी त्यांना एकाच चेनवर तीनतीनदा फिरवावं लागत होतं.

इथेच संपलं असतं तर मी म्हटलं असतं, एक क्षण सटकला. माणसाकडून होतं. पण दोन दिवसांनी लिनचा निरोप आला, व्हिसाच्या पत्रासाठी दोघींचे पासपोर्ट पाठवा. आता सुधारायची संधी होती की नाही? शेठना म्हणायचं, अहो, माझा वाचण्यात घोटाळा झाला, दोघींना बोलावलंय. शिकाऊ माणसाकडून होऊ शकतो घोटाळा. कोणी रागावलंही नसतं. मी बसले आणि चिनीत लिहिलं — लाल दोरा बांधणाऱ्या बाईंची तब्येत ठीक नसते, त्यांना एवढा प्रवास झेपणार नाही, त्यांनी क्षमा मागितली आहे. पाठवण्याआधी मी ते दोनदा तपासलं. मी दोन वर्षांत लिहिलेल्या चिनीपैकी ते सगळ्यात चांगलं होतं. एक चूक नव्हती.

त्यानंतर तयारीची मजा गेली, असं मी लिहिलं तर तुम्हाला बरं वाटेल. नाही गेली. मी नकाशे बघितले, बॅग घेतली, तिथल्या मेट्रोत विचारायची वाक्यं पाठ केली. फक्त दुपारच्या डब्याला भीती वाटायची. इंदूताई आता माझ्याकडून वाक्यं घोकून घ्यायच्या — माझ्यासाठी. "शाकाहारी कसं म्हनशील, बोलून दाखव. पुन्यांदा." आणि बूट त्या रोज घालत होत्या. म्हणाल्या, घेतलेत तर झिजवायला नकोत का. मी त्यांच्या पायांकडे बघायचं टाळून टाळून पाऊण महिना काढला. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी डबा आणला, शेंगदाण्याचे लाडू, वीस. सोमवार माझा नाही, त्यांचा. तरी लाडू मला.

तिकडचं फार सांगत नाही. शहर मोठं होतं, माझी चिनी लोकांना कळली, मला त्यांची निम्मी कळली. लिऊ मास्तर बुटके, कान मोठे, हातांना तेलाचा वास. त्यांनी भिंतीजवळचं एक कपाट उघडून दाखवलं. आत आमच्या जुड्या, सालवार लावलेल्या, लाल गाठींसकट. चार तरुण तपासनीस माझ्याभोवती उभे. मास्तरांनी विचारलं, बाईंचं वय काय? नाव काय? नावाचा अर्थ काय? मी सगळं सांगितलं. ते त्यांनी कागदावर लिहून घेतलं आणि तो कागद कपाटाला आतून चिकटवला. मग विचारलं, तब्येतीला नक्की काय होतं? मी म्हणाले, गुडघे. माझ्या सासूबाईंचे गुडघे दुखतात, तेच तोंडावर आलं.

निघताना त्यांनी माझ्या हातात एक पुडकं दिलं. लाल खजुरासारखी सुकी फळं आणि कसल्यातरी मुळ्या. गुडघ्यांसाठी, रोज सकाळी उकळून प्यायच्या. त्यांच्या बायकोने निवडून दिल्या होत्या. दोन्ही हातांनी दिलं त्यांनी ते, वाकून. मला नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. इंदूताईंना ते पुडकं देता येणार नव्हतं. दिलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, माझ्या गुडघ्यांना काय झालंय?

ते आमच्या घरी सासूबाईंनी उकळून प्यायलं. आराम पडला म्हणाल्या.

परत आल्यावर पहिल्या दिवशी मी शेठना फोटो दाखवले, मशिनांचे, जेवणाचे. कपाटाचा फोटो मी काढला नव्हता. इंदूताईंनी सगळे फोटो मन लावून बघितले, बोटाने मोठे करून बघितले. माझ्यासाठी त्यांना इतका आनंद झाला होता की शेजारच्या दुकानातल्या माणसालाही बोलावून आणलं. मग दुपारी आम्ही दोघीच होतो. डबा उघडता उघडता, माझ्याकडे न बघता, त्यांनी विचारलं, "वैशू, तिकडं कोनी माझं काय इचारलं का गं? त्या गाठींचं म्हनते मी. समजायच्या का त्यांना?"

शेठसमोर खोटं बोलले तेव्हा मला हवं असलेलं काहीतरी पणाला लागलं होतं. लिनला लिहिलं तेव्हाही. आता काय होतं? जाऊन आले होते. मिरवून झालं होतं. त्या बाईला एक शब्द हवा होता फक्त, आणि तो माझ्याजवळ होता. काहीतरी निमित्त काढून, पत्राला हात न लावताही देता आला असता. पण हो म्हटलं की त्या पुढचं विचारणार. कोणी विचारलं? काय म्हणाले? मग मला का नाही बोलावलं? मला ते एकेक प्रश्न समोर रांगेत दिसले, आणि मी घाबरले.

मी म्हणाले, "नाही. गाठी त्यांना काही कळत नव्हत्या. माझ्या पत्रांवरूनच बघायचे ते."

अकरा वर्षं.

इंदूताई म्हणाल्या, "हां. मला वाटलंच." आणि मला त्यांच्या डब्यातली भाजी वाढली.

त्या आठवड्यापासून त्यांनी गाठी मारणं बंद केलं. खराब चेन माझ्या टेबलावर आणून ठेवायच्या आणि म्हणायच्या, तू लिहून टाक. मी लिहीत राहिले. गेल्या वर्षी त्यांनी काम सोडलं.