आमच्या मेडिकलात पुडी मिळत नाही

मेडिकलच्या दुकानात गोळ्यांपेक्षा किस्से जास्त साठतात. गोळ्यांना एक्स्पायरी असते, त्या कंपनीला परत जातात. किस्से कुठे परत करणार? शिवाय काउंटरला टेकून माणूस जे बोलतो, ते तो डॉक्टरसमोरही बोलत नाही. त्यामुळे मी माहेरी बोदवडला गेले, की भावजया चहा ठेवायच्या आधीच मला घेरतात, "ताई, दुकानातलं सांगा ना!"

आमचं दुकान धुळ्याहून जाताना सोनगीरच्या अलीकडे, हायवेला लागून असलेल्या एका गावात आहे. सासऱ्यांनी टाकलेलं. त्यांना सगळं गाव नाना म्हणतं, म्हणून मीही नानाच म्हणते. मी फार्मसिस्ट. लग्न झालं आणि नानांच्या शेजारी काउंटरला उभी राहिले. दाराजवळच्या बाकावर नानांची थोरली बहीण बसते, ती अक्का. ती दुकानात काहीच करत नाही, पण दुकान तिचंच आहे असं गिऱ्हाइकांना वाटतं.

*

पुडी म्हणजे काय, ते आधी सांगते.

कपाशी वेचून कंबर धरली, अंग ठणकलं, की लोक डॉक्टरकडे जात नाहीत. मेडिकलात येऊन म्हणतात, "एक पुडी द्या." दुकानदार डब्यांमधून सुट्या गोळ्या काढून कागदात बांधून देतो. एक पांढरी, एक पिवळी आणि एक बारीकशी. खरी जादू त्या बारकीची. ती स्टेरॉइड! थोड्या वेळात माणूस उठून परत कामाला.

आमच्याकडेही पुडी मिळायची. मी नवीन असताना विरोध केला, तर नाना हसले. बाकाकडे बोट दाखवून म्हणाले, "अक्काकडे देख! रोज पुडी खास. कशी टुणटुणीत शे!"

अक्काचे गुडघे जुने दुखणेकरी. पण चेहरा गोल, गाल लालबुंद. लग्नात बायका तिच्याभोवती जमायच्या, "अक्का, तुना तोंडवर काय तेज ऊनं वं!" अक्का पदर सावरायची आणि नानांची छाती फुगायची.

मग एकदा अक्काला चक्कर आली. आम्ही तिला धुळ्याला नेलं. डॉक्टरांनी साखर तपासली, बीपी पाहिलं, मग बराच वेळ चेहरा पाहिला.

"ही सूज आहे. रोज काय घेता तुम्ही?"

अक्काने कमरेच्या पिशवीतून पुडी काढून दिली. डॉक्टर भडकले. "कुणी दिली ही गोळी तुम्हाला? कोण आहे तो माणूस?"

अक्का ताठ बसली. शेजारी उभ्या नानांच्या पाठीवर हात ठेवून अभिमानाने म्हणाली, "मना भाऊनी दिनी! त्यानं मोठं मेडिकल शे!"

नाना पंख्याकडे बघत राहिले.

डॉक्टरांनी ती गोळी एकदम नाही, हळूहळू कमी करत सोडवली. तेज उतरलं आणि अक्का परत अक्कासारखी दिसायला लागली. दुकानात मात्र दुसऱ्याच दिवशी पाटी लागली. नानांनी स्वतः खडूने लिहिली होती: "येथे पुडी मिळणार नाही. भांडू नये."

*

लोक भांडले. भांडणारच!

कपाशीच्या हंगामात मजूर बायांचा टेम्पो सकाळी आमच्या दारात थांबायचा. त्यातली एक पुढे आली. "वहिनी, कंबर धरायी गयी. बठ्ठ्या बायास्ले एक-एक पुडी दे."

मी पाटी दाखवली. ती म्हणाली, "पाटी खाईसन काम व्हई का?"

दुसऱ्या दिवसापासून टेम्पोचा ब्रेक रस्त्यापलीकडे लागायला लागला. समोर शेठजींचं मेडिकल आहे. त्यांचे आजोबा राजस्थानातून आले. तीन पिढ्यांचा धंदा, आणि दुकानात काहीही, कधीही, कुणालाही मिळतं. आमच्या काउंटरवर माश्या बसायला लागल्या. माझा नवरा धुळ्याहून माल आणतो. त्याला काळजी लागली. "नाना, असंच चाललं तर दिवाळीपर्यंत शटर ओढावं लागेल. समोरचे देतातच आहेत. आपण न दिल्याने काय फरक पडतो?"

नाना म्हणाले, "दुकान बंद पडनं तं दुसरं काढसूत. बहीन कोठून आनू?"

त्या क्षणी मला माझ्या सासऱ्यांचा इतका अभिमान वाटला, की मी उगाचच बरण्या पुसायला घेतल्या.

*

हायवेवरचं दुकान म्हटलं, की ट्रकवाले आलेच. एक ड्रायव्हर आला, डोळे तांबारलेले. "चाचा, नींद उडाने वाली गोली दो. इंदौर पहुँचना है."

नाना म्हणाले, "गोली नहीं है. खाट है."

दुकानामागे निंबाखाली नानांची दुपारची खाट असते. ड्रायव्हरला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. पण नाना त्याला हाताला धरून मागे घेऊन गेले. तो आडवा पडला आणि असा घोरायला लागला, की अक्का उठून बघून आली.

तेवढ्यात त्याच्या मालकाचा फोन. वाजून वाजून त्याने एकदाचा उचलला. मालक ओरडत होता, गाडी कुठे, तू कुठे?

ड्रायव्हर डोळे न उघडता म्हणाला, "सेठ, मेडिकल में भर्ती हूँ!"

आता एक सोडून दोन खाटा आहेत. औषध काही न घेता लोक तिथे झोपून जातात. नवरा म्हणतो, आपण मेडिकलचं लायसन काढलंय की लॉजचं?

*

आमचे एक रिटायर्ड गुरुजी आहेत. अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण करायचा असतो, हे मी त्यांना दर वेळी सांगायचे. ते मान डोलवायचे. एकदा ते हसत हसत आले. "मॅडम, तुमची गोळी फार गुणी. दोनच घेतल्या, ताप गेला!"

"आणि बाकीच्या?"

"वाया कशा जाऊ देणार? शेजारच्या वहिनींचा घसा धरला होता, त्यांना दिल्या. त्यांना आराम पडला, मग त्यांनी पलीकडे दिल्या."

मी डोक्याला हात लावला. म्हटलं, "गुरुजी, म्हणजे गल्लीत कोर्स कुणीच पूर्ण केला नाही?"

गुरुजी जरा विचारात पडले. "नाही कसं? जनावरांच्या डॉक्टरांनी दिलेला कोर्स आमच्या म्हशीने पूर्ण केला!"

*

हा पुढचा किस्सा हसण्याचा नाही. पण तो सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

विशीतला एक तरुण आला. खोकल्याचं औषध मागितलं, तेही नावानिशी. ती बाटली पोरं खोकल्यासाठी घेत नाहीत, नशेसाठी पितात, हे आम्हाला माहीत होतं. मी डॉक्टरची चिठ्ठी विचारली.

"आजीला खोकला आहे. ती पडून आहे, डॉक्टरकडे नेता येत नाही."

बाकावरून अक्का उठली. काठी घेतली. "कोनती आजी? चाल, मी येस तुना संगे. देखू तिले."

म्हाताऱ्या माणसाला नको कसं म्हणणार? पोरगा पुढे, अक्का मागे. घरी आजी अंगणात बसून खणखणीत आवाजात कोंबड्यांना हाकलत होती. अक्काने विचारलं, खोकला कसा आहे? आजी म्हणाली, कुणाला?

मग दोघी म्हाताऱ्यांनी पोराकडे पाहिलं.

त्या घरात त्या दिवशी चूल पेटली नाही. पण त्याला कुणी मारलं नाही, घराबाहेरही काढलं नाही. आईबापांनी त्याला धुळ्याला व्यसनमुक्तीला नेलं. मधे एकदा तो घसरला, परत नेलं. आता बरा आहे, शेतात ट्रॅक्टर चालवतो. रस्त्याने जाताना आमच्याकडे बघून हॉर्न देतो.

पण खरी कमाल आजीची. दर बाजाराच्या दिवशी ती आमच्या काउंटरवर येते. औषध घेत नाही. भर गिऱ्हाइकांत मोठ्याने सांगते, "माले खोकला नही शे! मना नाववर कोनी मांगाले ऊना तं देऊ नका!"

तिचं पाहून गावातल्या बाकीच्या आज्याही येऊन सांगायला लागल्या. आमच्या गावात एकाही आजीला खोकला नाही, हे मी छातीठोकपणे सांगू शकते!

*

दिवाळी आली. शटर ओढलं नाही. गर्दी अजून समोरच जास्त असते, खोटं कशाला बोलू? पण त्यातल्या काही बाया परत आमच्याकडे यायला लागल्यात. अक्का त्यांना बाकावर बसवते आणि आपल्या तेजाची गोष्ट सांगते. त्यातल्या दोघी-तिघी डॉक्टरकडेही गेल्या.

तर परवाची दुपार. गिऱ्हाईक नव्हतं. नाना पेपर वाचत होते, अक्का बाकावर पेंगत होती. आणि समोरचे शेठजी रस्ता ओलांडून आमच्या दुकानात आले! इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी इकडे-तिकडे पाहिलं, चष्मा पुसला, आवाज खाली आणला.

"नाना, आईचे गुडघे फार दुखतायत हो. रात्रभर कण्हते. काहीतरी सुचवा."

नानांनी पेपर खाली ठेवला. शेठजींच्या दुकानाकडे पाहिलं. तिथे टेम्पो उभा होता, बायांची रांग होती.

"त्यात काय शेठ? तुमना दुकाननी एक पुडी दी टाका ना!"

शेठजी दोन पावलं मागेच सरकले.

"काय बोलता नाना! आई आहे ती माझी!"

अक्काने डोळे उघडले. बाकावर थोडी सरकली आणि शेठजींना बसायला जागा केली.