मामाकडची साखर

पाडवा झाला, गुढी उतरली, तिचं रेशमी वस्त्र घडी होऊन कपाटात गेलं. साखरेचे हार मात्र अजून स्वयंपाकघरातल्या खिळ्याला लोंबताहेत. पांढरे, गुलाबी, मधूनच एखादं पिवळं पदक. पुण्याकडे यांना गाठी म्हणतात, आमच्या सोलापुरात सरळ हार. उन्हानं भिंती अशा तापल्या आहेत की खिडकीतून येणाऱ्या झळेबरोबर त्या साखरेचा मंद, किंचित करपट वास घरभर फिरतो. फोन उघडावा तर तिथंही हेच. उरलेल्या हारांचं काय कराल? कुणी केक करून दाखवतंय, कुणी मिल्कशेक. एक बाई तर त्यांचा चुरा आइस्क्रीमवर भुरभुरवून कॅमेऱ्याकडे बघत हसते. हसू दे बापडी. हार संपवणं ही माझ्या आईची विद्या होती. आणि एका पाडव्यापासून तिनं ते संपवणं सोडून दिलं, ही तिची व्यथा.

आमच्यात बहिणीच्या लेकरांना पाडव्याचे हार मामानं द्यायचे असतात. माझा मामा मोडनिंबहून एसटीनं यायचा. वर्तमानपत्रात गुंडाळलेले हार, मनगटात घालायची साखरेची कडी आणि पिशवीच्या तळाशी शेतातल्या कैऱ्या. "आक्का, लेकरांस्नी आदी हार घाल, मग च्या टाक," असं दारातूनच ओरडायचा. मी आणि धाकटा भाऊ ते हार घालून गल्लीभर मिरवायचो, घामानं गळा चिकट व्हायचा, आणि संध्याकाळपर्यंत निम्मी पदकं पोटात गेलेली असायची. उरलेल्यांवर मग आईचा ताबा. खलबत्त्यात कुटून ती त्यांची पूड करायची आणि पितळी डब्यात भरायची. त्याच कैऱ्यांच्या पन्ह्यात ती साखर, लिंबाच्या सरबतात ती, शाळेच्या डब्यातल्या तूप-पोळीवर ती. घरात पोतंभर साखर असली तरी चहात चिमूटभर मामाकडची पडायचीच. "आज चहाला माहेरचा वास येतोय," असं वडील चिडवायचे आणि आई लटकं रागवायची. हारातला दोरासुद्धा ती टाकत नसे. धुऊन वाळवून त्यात मोगऱ्याचे गजरे ओवायची. ती साखर नागपंचमीपर्यंत पुरली पाहिजे, असा तिचा हट्ट. पंचमीला माहेरी जायचं, तोवर माहेर असं चिमटीचिमटीनं तोंडात राहायचं. वाचणाऱ्या बायांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

मग हायवे रुंद व्हायचं ठरलं आणि मोडनिंबच्या शेताला एकाएकी रस्त्याचा शेजार आला. त्या पाडव्याला मामा हारांबरोबर कागद घेऊन आला. हक्कसोडपत्र. आजोबांच्या जमिनीत आईचं नाव लागलेलं होतं, ते तिनं आपणहून सोडायचं होतं. "लई काय न्हाय आक्का, नुसती एक सही हाय," मामा म्हणाला. त्या वर्षीचे हार नेहमीपेक्षा जाड होते, एवढं मला पक्कं आठवतं. वडील म्हणाले, "तुझं माहेर, तू बघ." असं म्हणून माणसं मोकळी होतात. आई कागदाकडे बघत बसली आणि म्हणाली, "जमीन घेऊन मी काय करू? माझ्या माहेरचं दार तेवढं उघडं राहू दे." तिनं सही केली. डोळे भरले होते, पण आनंदानं. भावाला काही देता आलं, याचाच तिला केवढा अभिमान वाटत होता.

पुढच्या पाडव्याला मामा आला नाही. भांडण झालं असतं तरी बरं झालं असतं. भांडलेली माणसं कधीतरी समजूत काढतात. इथं तसं काहीच घडलं नव्हतं, नुसतं काम संपलं होतं. पंचमीचं बोलावणंही आलं नाही. हार मात्र आले. "मामाला सवड न्हाय, कंडक्टरजवळ दिले त्यानं," आई म्हणाली, आणि आम्ही ते गळ्यात घालून पळालो. त्यानंतर दरवर्षी कंडक्टरच हार आणत राहिला. फक्त आई ते कुटेनाशी झाली. चहात दुकानातली साखर, पन्ह्यात गूळ. खिळ्यावरचे हार पावसाळ्यात चिकट होत, त्यांना मुंग्या लागत, आणि मग एक दिवस ती ते उकिरड्यावर नेऊन टाकी. आपली आई, जी दोरासुद्धा टाकत नाही, ती असं का करते, म्हणून मी एकदा विचारलं होतं. "राहू दे की. त्याला गोडी न्हाय," एवढंच म्हणाली.

कॉलेजात असताना पाडव्याच्या आदल्या दिवशी मी तिच्याबरोबर मधल्या मारुतीजवळच्या बाजारात गेले. हारवाला तिला बघून ओळखीचं हसला. "औंदाबी नेहमीचेच का, काकू?" त्यानं दोन हार उतरवून वर्तमानपत्रात गुंडाळले सुद्धा. आईनं माझ्याकडे बघितलं नाही. परतताना रिक्षात ती हळूच म्हणाली, "धाकट्याला सांगू नको. मामावरचा जीव उडंल त्याचा." मी सांगितलं नाही. आता वाटतं, सांगायला हवं होतं.

आई गेली त्यालाही आता दोन पाडवे झाले. ती होती तोवर धाकट्याला फोन करकरून माझ्या मुलांसाठी हार पाठवायला लावायची. तेव्हा ते कुरिअरनं येत. यंदा तो पुण्याहून स्वतः गाडी घेऊन आला. हार जाड, कडी मोठी, मुलांना नवे कपडे. चहा झाल्यावर त्यानं बॅगेतून कागद काढले. आईवडिलांचं इथलं घर पाडून तिथं इमारत व्हायची आहे. "ताई, नुसती फॉर्मॅलिटी आहे," तो म्हणाला. त्याच्या तोंडात मामाचंच वाक्य होतं. मला घराचा तुकडा हवा होता असंही नाही. मला तो भाऊ हवा होता, जो माझ्या हारातली पदकं चोरून खायचा. पण सही केल्यावर काय उरतं, ते मी खिळ्यावर वर्षानुवर्षं बघितलेलं आहे. मी नाही म्हणाले. त्यानं कागद शांतपणे बॅगेत ठेवले आणि बूट घालताना, वर न बघता म्हणाला, "आईनं केली होती की."

त्याला मी तेव्हाही काही सांगितलं नाही. तो गेला.

आज खलबत्ता काढला आहे. आणण्यामागे काहीही असो, हे माझ्या भावानं हातानं आणलेले हार आहेत, आणि पुढच्या वर्षी ते येणार नाहीत हे मला कळतं. म्हणून कुटून डब्यात भरते आहे, पन्ह्यात घालीन, चहात घालीन, पुरवून पुरवून वापरीन. धाकटी मुलगी शेजारी बसून चुरा चाटते आहे. पुढच्या पाडव्याला ती विचारील, मामाचे हार कुठे आहेत म्हणून. मी बाजारात जाणार नाही. तिला सांगेन, मामानं पाठवले नाहीत.