आधी बंद, मग हात

"आधी बंद, मग हात," असं म्हणून अण्णा उजवा हात वर करायचे आणि समोरच्याला तो नीट दिसेपर्यंत तसाच धरायचे. मग त्याच हातानं दाराच्या चौकटीवरचं बटण बंद करायचे, चार्जरचा काटा शून्यावर येईपर्यंत थांबायचे, आणि तेव्हा कुठं बॅटरीच्या चिमट्याला बोट लावायचे. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, यात फरक नाही. वैरागला लग्नाला निघालेल्या जीपचा ड्रायव्हर एकदा म्हणाला, "अण्णा, नवरदेव गाडीत बसलाय हो." अण्णा काट्याकडं बघत म्हणाले, "बसू दे की. त्याला आता जल्मभर बसायचंच हाय."

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. सोलापुरात सात रस्त्यावरून आत वळलं की गॅरेजांची एक ओळ लागायची. तिथं माझं गाड्यांच्या सीटा आणि हूड शिवायचं दुकान होतं आणि शेजारी अण्णांचं बॅटरी चार्जिंगचं. मूळचे ते अक्कलकोटकडचे. घरात कानडी, दुकानात मराठी, आणि राग आला की दोन्ही. कपाळावर विभूती, अंगात अॅसिडनं जागोजागी भोकं पडलेला सदरा. तो सदरा टाकून द्या असं मी कितीदा सांगितलं. ते म्हणायचे, "नवा घातला तर त्यालाबी भोकंच पडणार. मग ह्याचीच काय चूक?" मला ते कधी नावानं हाक मारत नसत. "व्हय शेजारी," अशीच त्यांची सुरुवात.

दुकान घेतल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं असेल, तर मागच्या भिंतीला अगदी छताजवळ मोठं भोक पाडलं. घरमालक धावत आला.

"भिंतीला भोक कशाला?"

"वायू जायला."

"कसला वायू?"

"बॅटरी भरत आली की पोटातनं वायू सोडती. दिसत न्हाय, वास न्हाय. वर जाऊन कोंडतो. ठिणगी गावली की फुटतो."

घरमालक अंगानं आडवा होता आणि जेवणखाण सढळ. त्यानं उगाच स्वतःच्या पोटावर हात ठेवला. पुढं बरेच दिवस गल्लीत तो दिसला की कुणीतरी हळूच म्हणायचं, "भोक पाडलं का?"

चार्जर त्यांनी बाकापासून लांब, दाराजवळच्या भिंतीवर टांगला. बॅटऱ्या पलीकडं लाकडी बाकावर, एकीचं अधिक दुसरीच्या उण्याला जोडून, ओळीनं. मोठ्या ट्रकच्या बॅटऱ्यांच्या ओळीत ते लहान बॅटरी कधी लावत नसत. "थोरल्या बैलासंगं वासरू जुपायचं न्हाय," म्हणायचे. मी एकदा शहाणपणा केला. म्हटलं, "अण्णा, यंत्र बाकाजवळ घ्या की. केवढी वायर वाचेल."

"वायर वाचंल," ते म्हणाले, "मी न्हाय."

दारात पाण्यानं भरलेली बादली आणि खाण्याच्या सोड्याची बरणी कायम असे. हाताखालची माणसं, ड्रायव्हर, क्लीनर, मी, सगळ्यांना त्यांनी बजावून ठेवलं होतं. "अॅसिड उडालं तर पळायचं न्हाय. आधी पाणी. लई पाणी. बोंबलायचं मागनं." आणि बिडीवाल्यांचा तर त्यांनी छळच मांडला होता. कुणी बिडी काढली की आतून आवाज यायचा, "बेडा, बेडा. हितं न्हाय. तितं लिंबाखाली." बेडा म्हणजे नको. त्यांच्यामुळं अख्ख्या गल्लीला कानडीतला हा एक शब्द पाठ झाला होता. रस्त्यापलीकडच्या लिंबाखाली उन्हात उभे राहून बिडी ओढणारे ड्रायव्हर तुम्ही पाहिले असते, तर तुम्हाला वाटलं असतं तिथं एस्टीचा थांबाच आहे.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो, ते सांगायला हवं. अण्णांच्या दुकानात दिवा लागत नसे. खंडेनवमी असो, लक्ष्मीपूजन असो, बाकाला झेंडूची माळ, चार्जरला विभूतीचे पट्टे, बेलाचं पान, सगळं यथासांग. निरांजनही मांडलेलं असे, त्यात तेल असे, भिजवलेली वात असे. पण ती लावायची नाही. "दिवा घरी. हितं नुसती वात," असं म्हणून ते त्या न पेटलेल्या वातीला हात जोडायचे. आम्हाला गंमत वाटायची. त्यांच्या बायकोला, अक्कांना, ती वात बघवत नसे. बोलायच्या काहीच नाहीत, पण नमस्कार करताना तिच्याकडं बघायच्या नाहीत.

एका वर्षी पावसाळ्यात अण्णांना मुदतीचा ताप आला. माणूस पार खंगला. दुकान कितीतरी दिवस बंद. अक्का रोज माझ्या दुकानासमोरून दवाखान्यात जायच्या आणि बंद फळ्यांना हात लावून पुढं जायच्या. त्या दिवसांत गल्लीतल्या बायकांनी त्यांना ऐकवलं की लक्ष्मीपुढं विझलेली वात मांडणाऱ्याच्या घरी दुसरं काय येणार. अण्णा उठले, कामाला लागले, पण ते बोलणं अक्कांच्या मनातून गेलं नाही. हे मला माझ्या बायकोनं नंतर सांगितलं. तेव्हा कळून उपयोग नव्हता.

त्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाला अण्णांकडं गर्दी होती. आजारपणात तुंबलेलं काम आणि सणाला गावी जायची सगळ्यांची घाई. बाक बॅटऱ्यांनी भरलेला, बहुतेक भरत आलेल्या, आतून बुडबुड्यांचा बारीक आवाज येत असलेला. दिवेलागणीला त्यांनी पूजा मांडली आणि मी हाक मारली म्हणून माझ्या दुकानात प्रसादाला आले. चार्जर चालू असताना ते कधी लांब जात नसत. माझ्या पायरीवरून त्यांचं दार दिसायचं, म्हणून पायरीवरच उभे राहिले. मी त्यांच्या हातावर लाह्या-बत्तासे ठेवले.

अक्का ताट घेऊन घरून आल्या. ताटात पेटलेलं निरांजन होतं. पदरानं ज्योत झाकत त्या दुकानात शिरल्या.

अण्णांच्या हातातल्या लाह्या खाली सांडल्या. एवढा अशक्त माणूस, पण असा धावला की माझं पाऊल उचलायच्या आत तो दारात होता. चौकटीवरचं बटण त्यांच्या उजव्या हाताशी होतं. मी त्यांच्या मागे होतो, मला ते स्वच्छ दिसलं. त्यांनी बटणाकडं पाहिलंही नाही. अक्का बाकावर वाकून माळेपुढं ताट ओवाळायला लागल्या होत्या. अण्णांनी दोन्ही हातांनी त्यांचे खांदे धरले, त्यांना फिरवून दाराकडं लोटलं आणि स्वतः मधे उभे राहिले. ताट बाकावर पडलं, तसं त्यांनी मान वळवून तिकडं पाहिलं. मग तो आवाज झाला.

मी अक्कांना रस्त्यावर ओढलं आणि बादली उचलली. आधी पाणी, लई पाणी, हे त्यांनीच शिकवलेलं. मी त्यांच्या तोंडावर पाणी ओतत राहिलो, ड्रायव्हर लोक नळावरून आणून देत राहिले. अण्णा ओरडले नाहीत. फक्त विचारत होते, "ती कुटं हाय? ती कुटं हाय?"

अक्कांना खरचटलंसुद्धा नव्हतं. अण्णांचे दोन्ही डोळे गेले.

इस्पितळात मी दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा त्यांच्या तोंडाला पट्ट्या होत्या आणि अक्का उशाशी बसल्या होत्या. मी काही बोलायच्या आत अण्णाच म्हणाले, "शेजारी, माझीच चूक झाली बगा. बंद न करता चिमटा ओढला. ठिणगी उडाली."

मी अक्कांकडं पाहिलं. त्या खाली बघत होत्या.

"हिचा दिवा तर खाली पडून इझला व्हता," ते पुढं म्हणाले. "तुमी बगितलं न्हवं?"

मी बघितलं होतं. दोन्ही हात खांद्यांवर असलेला माणूस चिमटा कशानं ओढणार? पण पट्ट्यांच्या आडून ते माझ्या उत्तराची वाट बघत होते. मी म्हणालो, "व्हय अण्णा. बघितलं."

तुम्ही अशी माणसं पाहिली असतील की जी बायकोसाठी पैसाअडका, जमीनजुमला सोडतात. अण्णांजवळ सोडण्यासारखं एकच होतं. सावध माणूस म्हणून सोलापुरात त्यांचं नाव होतं. ते त्यांनी एका वाक्यात टाकून दिलं.

आणि लोकांनी ते लगेच उचललं. बरे झाल्यावर अण्णा काही दिवस माझ्या दुकानातल्या बाकड्यावर येऊन बसायचे. येणारेजाणारे हळहळायचे आणि जाताना बोलून जायचे. मी मात्र शिवताना मशीन जोरात चालवायचो. एकदा एक जुना ड्रायव्हर आला. याला अण्णांनी लिंबाखाली किती वेळा पिटाळलं होतं याची गणती नाही. तो म्हणाला, "अण्णा, आमाला सारा जल्म शिकवलं, आन् तुमीच चुकला की."

"व्हय," अण्णा म्हणाले. "चुकलो की."

अक्का तेव्हाच त्यांना घरी न्यायला आल्या होत्या, दारात उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं. त्यांनी अण्णांचा हात धरला आणि निघाल्या. मला त्या माणसाला धरून हलवावंसं वाटलं. आजही वाटतं.

पुढं ते दोघं अक्कलकोटकडं गावी राहायला गेले. शेजारच्या जागेत टायरवाला आला आणि त्यानं पहिल्याच आठवड्यात भिंतीचं भोक बुजवलं. एकदा मी गावी जाऊन आलो. अण्णा सोप्यात बसले होते, माझा आवाज ऐकून "व्हय शेजारी" म्हणाले आणि माझं मन भरून आलं. दिवेलागण झाली तसं त्यांनी आत हाक दिली, "दिवा लावलास का गं?"

"लावला," आतून अक्का म्हणाल्या.

मला हलक्या आवाजात म्हणाले, "रोज इचारतो. न्हाय तर ती लावायला भ्याली असती."

त्यानंतर वर्षभरातच ते गेल्याचा निरोप आला. मी पोहोचलो तोवर मातीही झाली होती. घरात चार बायामाणसं बसली होती. अण्णांचं अंथरूण जिथं असायचं ती जागा सारवलेली, तिथं दिवा ठेवायचा होता. वर विजेचा पिवळा बल्ब जळत होता. मला बघून अक्का उठल्या, जवळ येऊन बसल्या. मी म्हणालो, "सोलापुरात अजून नाव निघतं अण्णांचं."

"काय म्हून निघतं?" त्यांनी विचारलं. "चुकला म्हून?"

मी मान खाली घातली.

"शेजारी, चिमटा त्यांनी वडलाच न्हवता," अक्का म्हणाल्या. "त्यांचे दोनी हात माज्या खांद्यावर व्हते. मला ठावं न्हाय व्हय?"

"मग त्यांना कधी बोलला नाहीत?"

"कशी बोलू? मला ठावं न्हाय, असं त्यास्नी वाटत व्हतं. तेवढंच एक सुख व्हतं त्यास्नी. ते बी काडून घिऊ?"

त्यांचा आवाज कापला नाही. रडलो तो मी. कोपऱ्यातल्या एका म्हातारीनं दिव्याची वेळ झाल्याची आठवण केली. अक्का उठल्या. त्यांनी तेल घातलं, वात सरळ केली, काड्यापेटी उचलली आणि परत खाली ठेवली. मग भिंतीपाशी गेल्या आणि बटण बंद केलं. खोली एकदम अंधारली.

"लाईट कशाला गं घालीवलीस?" म्हातारी म्हणाली.

अंधारात अक्का थोडा वेळ तशाच उभ्या असाव्यात, कारण पावलं वाजली नाहीत. मग अगदी हळू, आमच्यापैकी कुणालाच उद्देशून नसलेलं, त्यांचं बोलणं ऐकू आलं, "आधी बंद, मग हात."

काडी ओढली गेली. वात पेटली. अक्का त्या दिव्याशेजारी बसून राहिल्या, आणि बराच वेळ लाईट परत लावायचं कुणाच्या मनात आलं नाही.