खडपावर चढणारी मोटार

ह्यांनी मोटार बांधायला घेतली तेव्हा ती कशासाठी, हे कोणाला सांगितलं नाही. मला, बायकोलाही नाही. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. हे मुंबईच्या एका गॅरेजात मिस्त्री होते. शिमग्याला घरी आले ते परत गेलेच नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "तिथलं काम संपलं." गॅरेजातलं काम कधी संपतं का, असं माझ्या मनात आलं. पण सासूबाई समोर बसल्या होत्या, म्हणून गप्प राहिले.

आमची वस्ती दिघीच्या खालच्या अंगाला, समुद्राला चिकटून. सडक तशी जवळ होती, पण मध्ये डोंगराचं एक नाक थेट पाण्यात उतरलेलं. त्याच्या पायथ्याशी खडप, भरतीत बुडणारा आणि ओहोटीत उघडा पडणारा काळा, चिरा पडलेला दगड. बैलगाडी तिथून जात नसे. आम्ही बायका ओहोटी साधून मासळीच्या पाट्या डोक्यावर घ्यायचो, खडप चढायचो आणि पलीकडे सडकेला लागायचो.

एका दुपारी कौलं आणणाऱ्या मचव्यातून, त्या शिडाच्या मोठ्या होडीतून, लोखंडाचा सांगाडा उतरला. लढाई संपल्यावर लिलावात मोडीत निघालेल्या जीपगाडीचा, असं ह्यांनी सांगितलं. मग दर खेपेला काही ना काही येत गेलं. चाकं आली ती जीपची नव्हती, कुठल्याशा मोठ्या ट्रकची होती. गाडीचे धक्के झेलणारे कमानपाटे आले. शेवटी गोणपाटात गुंडाळलेलं इंजिन आलं. ते उतरवताना हे हमालांवर ओरडले नाहीत, उलट सगळ्यांना हळू बोलायला सांगत होते. त्याचंच मला नवल वाटलं.

अंगणातल्या मांडवात काम सुरू झालं. वीज नव्हती. भात्यावर लोखंड तापवायचं, हाताच्या सामत्याने भोकं पाडायची, तापलेले रिबीट ठोकून लोखंडाचे तुकडे जोडायचे. गाडीचं पोट दगडाला लागू नये म्हणून ह्यांनी सांगाडा चाकांपासून पार वर उचलून घेतला. चारही चाकांना इंजिनाची ताकद जाते, त्यामुळे पुढचं एखादं चाक अधांतरी राहिलं तरी मागची दोन ओढतात, असं मला एकदा समजावलं. ती इतकी उंच दिसत होती की सासूबाई म्हणाल्या, "ही मोटार हाय का माळा?"

वस्तीत मात्र कोणी हसत नव्हतं. तेव्हा दारूबंदी होती. रानातल्या भट्ट्यांची दारू कुठून कुठे जाते, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. जिथे रस्ता नाही तिथून जाणारी मोटार माणूस कशाला बांधेल, याचं उत्तर लोकांनी आपापलं काढलं. विहिरीवर मी गेले की बोलणं थांबायचं. एक बाई घागर उचलता उचलता म्हणाली, "तुमचं बरं चाललंय म्हणायचं." मी घरी येऊन तेच वाक्य मनात घोळवत बसले.

ह्यांचाही कोणावर विश्वास नव्हता. काम थांबवून जेवायला आले तरी ज्याच्याशिवाय इंजिन चालू होत नाही तो कार्ब्युरेटर काढून कापडात बांधून आणायचे आणि पाटाशेजारी ठेवायचे. सासूबाईंचा संशय वेगळाच. माझे बाबा होड्या बांधणारे सुतार, शेजारच्याच वस्तीतले. बाबांनीच ह्यांच्या डोक्यात हे खूळ भरलं, असं सासूबाईंना वाटे. खरं तर बाबांना गाडीवर लाकडी हौदा बसवायला ह्यांनीच बोलावलं होतं. बाबा होडीला वापरतात तसल्या जाड सागाच्या फळ्या घेऊन आले.

हे म्हणाले, "मामा, एवढं वजन नको. गाडी चढायची न्हाय."

"लोखंड कधी मोडंल सांगता येत न्हाय," बाबा म्हणाले. "लाकूड मोडायच्या आधी करकरतं, सांगतं तरी."

हे मागाहून मला म्हणाले, "तुझा बाप मुद्दाम जड करतोय. गाडी चालावी असं त्याच्या मनात न्हाय." दोघांनाही मी ओळखत होते, आणि त्या दिवसांत दोघांबद्दलही मला खात्री देता आली नसती.

मग तो दिवस आला. दुपारची वेळ होती, सासूबाई वाळवणाजवळ राखणीला होत्या. मी पाणी घेऊन मांडवात गेले तर हे इंजिनाच्या अंगावर कानस चालवत होते. मला पाहून हात थांबला. तिथे इंजिनाच्या नंबराचे ठोकलेले आकडे होते, निम्मे घासून गेले होते. घासलेली जागा चकचकत होती.

"ह्ये काय करताय?"

"गंज काढतोय."

गंज लाल असतो, हे मला खारट वाऱ्यात जन्म गेल्यामुळे चांगलं ठाऊक होतं. त्या लोखंडावर गंज नव्हता. मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि सरळ बाबांकडे गेले.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी हत्यारांची पिशवी न घेता आले, मांडवात शिरले आणि त्या चकचकीत जागेवर अंगठा फिरवला.

"जावयबापू, ह्ये कोणाचं इंजिन?"

"माझं हाय. मोडीच्या बाजारातून घेतलंय."

"मग आकडे का घासले?"

हे खाली बसले. "देणारा माणूस ओळखीचा नव्हता. कुठून आणलं ते मी विचारलं न्हाय. विचारलं असतं तर कदाचित घेता आलं नसतं. इथं आणल्यावर रोज ते आकडे बघायचो. रोज वाटायचं, ह्ये कोणाचं तरी असणार."

"चोरीचं हाय?"

"म्हाईत न्हाय, मामा. खरंच म्हाईत न्हाय."

"ज्ये कोणाचं ते तुमालाच म्हाईत न्हाय, त्याला मी खिळा मारणार न्हाय," एवढं बोलून बाबा निघून गेले.

ह्यांच्यावर मला राग आला होता, आणि तरी पहिल्यांदाच हे खरं बोलले असं वाटलं. गॅरेज का सोडलं तेही त्या संध्याकाळी सांगितलं. तिथून सामान गायब व्हायला लागलं होतं. मालकाने सगळ्यांच्या पेट्या उघडायला लावल्या. ह्यांच्या पेटीत काही निघालं नाही, तरी त्यानंतर कोणी ह्यांच्याशी नीट बोलेना. "म्हणून सोडलं," हे म्हणाले. मी विश्वास ठेवला की नाही, ते मला आजही नक्की सांगता येत नाही. ठेवायचं ठरवलं, एवढं खरं.

हे मुंबईला गेले, इंजिन देणारा तो माणूस शोधायला. आठवडा उलटला, निरोप नाही. सासूबाई पाटी भरताना म्हणाल्या, "पळाला तो. तुझ्या बापानं पळवला." माझ्याही मनात तेच येत होतं, फक्त बापाचं नाव सोडून. उघडं पडलेलं इंजिन मी ताडपत्रीने झाकलं, कारण वस्तीतली माणसं काही ना काही निमित्त काढून मांडवात डोकावत होती.

हे परत आले ते हात हलवत. त्या माणसाचं दुकान उठून गेलं होतं. घरी न थांबता तसेच पोलीस ठाण्यात गेले आणि इंजिनाची सगळी हकिकत सांगितली, कानस चालवल्याचीसुद्धा. हवालदार येऊन गाडी पाहून गेला. त्याने हौद्याखाली हात घातला, पेट्रोलच्या डब्याचा वास घेतला, माझ्या चुलीमागेसुद्धा पाहिलं. कोणाची तक्रार आलेली नव्हती. आल्यास गाडी जमा करू, असं बजावून तो गेला. जाताना मात्र म्हणाला, "स्वतः येऊन सांगणारा माणूस एक तर भोळा असतो, न्हायतर लई हुशार. तू कोण हायस, ते मी बघणार हाय."

ही गोष्ट बाबांच्या कानावर गेली. ते पिशवी घेऊन आले आणि उरलेल्या फळ्या बसवायला लागले.

दिवाळी उलटल्यावर एका ओहोटीला गाडी खडपावर नेली. ह्यांनी चाकांतली हवा कमी केली, म्हणजे रबर दगडाला धरून राहतं. मी पुढे चालत होते, कुठली चीर खोल आहे ते हाताने दाखवत. बाबा बाजूने. गाडी चढत होती, पण चालणाऱ्या माणसापेक्षाही हळू. एकेक चाक दगडावर चढायचं, जरा थरथरायचं, मग दुसरं. अर्ध्या वाटेवर हौद्याची मागे बाहेर आलेली खालची फळी खडपाला अडकली. गाडी पुढे जाईना, मागेही येईना. लांबवर पाणी चढायला लागलेलं दिसत होतं.

ह्यांनी मान वळवून बाबांकडे पाहिलं. ती नजर मला आवडली नाही. बाबांनीही ती पाहिली. पिशवीतून करवत काढली, खडपावर गुडघे टेकले आणि स्वतः बसवलेली ती फळी कापून टाकली.

"आता घ्या पुढं," एवढंच म्हणाले.

गाडी खडप उतरली तेव्हा पलीकडे सडकेवर हवालदार उभा होता. त्याने सगळी गाडी पुन्हा तपासली. पुढेही बरेच दिवस तो अधूनमधून येऊन तपासत राहिला. तक्रार शेवटपर्यंत कोणाची आली नाही.

मोटार कशासाठी, ते त्या दिवशी वस्तीला कळलं; गाडी चढायच्या आधी बोलून उपयोग काय, म्हणून ह्यांनी ते मनातच ठेवलं होतं. ह्यांनी संध्याकाळी दारोदार जाऊन सांगितलं की पाट्या गाडीत ठेवा, डोक्यावर नेऊ नका. दुसऱ्या दिवशी एकही पाटी आली नाही; हवालदार तपासतो त्या गाडीत कोणाला आपली मासळी ठेवायची नव्हती. बायका रोजच्यासारख्या डोक्यावर पाट्या घेऊन निघाल्या, रिकाम्या गाडीच्या दोन्ही बाजूंनी चालू लागल्या आणि गाडीच्या आधी सडकेला पोचल्या. असं कितीतरी दिवस चाललं. हे गाडी मात्र रोज काढत.

मग एका ओहोटीला सासूबाई गाडीजवळ थांबल्या. डोक्यावरची पाटी उतरवून हौद्यात ठेवली. मला वाटलं, आता त्याही चढून बसतील. पण त्या बसल्या नाहीत. गाडी खडप चढून सडकेला लागेपर्यंत त्या शेजारून चालत राहिल्या, एक हात उंचावून पाटीचा काठ घट्ट धरून.